चौरस्त्यावरचा विदूषक



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत मराठी शिकवले आणि जोडीला अनेक वर्षे स्नेहसंमेलनाची नाटके बसवली. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय रंगभूमीच्या आसपासचा असावा, असे मला वाटले. मी निवडलेला विषय मात्र आपणांपैकी काहींना लांबचा वाटेल. अमेरिकेतील एका विनोदी नटाने केलेल्या एका गंभीर भूमिकेविषयी मी आज बोलणार आहे. नटाचे नाव बिल मरे. चित्रपट ‘ब्रोकन फ्लॉवर्स’, वर्ष 2005, दिग्दर्शक जिम जार्मुश. इंदूरच्या मराठी शाळेत हा विषय कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकण्यापेक्षा ओघात यावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम कथा सांगतो. डॉन जॉन्स्टन नावाचा एक गृहस्थ आहे. वय पन्नाशी ओलांडलेले. संगणकाच्या धंद्यात त्याने भरपूर पैसा मिळवला, आणि आता तो काहीही करीत नाही. गंमत अशी की, त्याच्या स्वतःच्या घरी संगणकसुद्धा नाही. खेळाडू घालतात तसला सैलसर पोशाख घालून तो दिवसभर सोफ्यावर बसलेला असतो. तारुण्यात त्याने अनेक स्त्रियांवर प्रेम केले, पण लग्न एकीशीही केले नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा त्याची सध्याची मैत्रीण त्याला सोडून निघाली आहे. समोर दूरदर्शन संचावर म्हाताऱ्या होत चाललेल्या डॉन हुआनचा 1934 सालचा जुना चित्रपट लागलेला आहे. ती दाराशी आहे, आणि हा तिला थांबवण्यासाठी काही करीत नाही.

त्याच दिवशी टपालाने एक गुलाबी पत्र येते. खाली सही नाही. कोणा जुन्या प्रेयसीने लिहिले आहे की, तुझ्यापासून मला मुलगा झाला, तो आता एकोणीस वर्षांचा आहे आणि बहुधा तुला शोधायला निघाला आहे. डॉनला या पत्राचे काही करावेसे वाटत नाही. शेजारी विन्स्टन नावाचा इथिओपियाचा एक संसारी माणूस राहतो. त्याला पाच मुले आहेत, तो तीन ठिकाणी नोकऱ्या करतो, आणि फावल्या वेळात त्याला गुप्तहेरगिरीची हौस आहे. हा विन्स्टनच सगळा बेत आखतो. विमानाची तिकिटे, भाड्याची मोटार, नकाशे आणि वाटेत ऐकायला आपल्या देशाचे संगीत, एवढी सिद्धता करून तो डॉनला अक्षरशः घराबाहेर काढतो. प्रत्येक जुन्या प्रेयसीकडे गुलाबी फुले घेऊन जा, आणि ते पत्र ज्यावर टंकलिखित झाले ते यंत्र कोठे दिसते का ते पाहा, असे त्याला बजावतो.

डॉन चार घरे हिंडतो. पहिली मोटार शर्यतपटूची विधवा. ती प्रेमाने स्वागत करते. दुसरी एके काळची स्वच्छंद तरुणी, आता नवऱ्याबरोबर घरे विकण्याचा व्यवसाय करते. तिसरी पूर्वीची वकील, आता ती प्राण्यांच्या मनातले ओळखून त्यांच्या मालकांना सांगते. चौथी आडगावात राहते. तिच्याकडे त्याचे स्वागत ठोशांनी होते. पाचवीची कबर आहे. गुलाबी रंगाची एखादी खूण जागोजागी दिसते, आणि म्हणूनच कोणतीही खूण पुरावा ठरत नाही. तो रिकाम्या हातांनी परत येतो. शेवटी गावात भेटलेल्या एका भटक्या तरुणाला तो खाऊ घालतो. हाच आपला मुलगा असे मानून तसे बोलतो, आणि तो मुलगा घाबरून पळून जातो. डॉन त्याच्यामागे धावतो आणि चौरस्त्यावर येऊन थांबतो. जवळून जाणाऱ्या मोटारीतून दुसराच एक तरुण त्याच्याकडे पाहत जातो. कॅमेरा डॉनभोवती फिरतो, आणि चित्रपट संपतो. मुलगा कोण, पत्र कोणाचे, काहीही उलगडत नाही.

आता या नटाविषयी. बिल मरे यांचा जन्म 1950 चा. शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या संस्थेत त्यांनी उत्स्फूर्त विनोदी अभिनयाचे धडे घेतले. तेथे हाती संहिता नसते. समोरचा जे बोलेल ते नीट ऐकायचे, ते स्वीकारायचे आणि त्यात आपली भर घालायची, ही त्या पद्धतीची शिस्त. आपल्याकडे तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या जे करतो, त्याच्याशी हिचे जवळचे नाते आहे. पुढे 1977 पासून दूरचित्रवाणीवरील ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमामुळे ते घराघरांत पोहोचले, आणि 1984 च्या ‘घोस्टबस्टर्स’ने त्यांना अफाट लोकप्रियता दिली. त्यांची विनोदाची तऱ्हा ठरलेली होती. आजूबाजूला जग कोसळत असावे, आणि या माणसाने जांभई आवरत असल्यासारखे त्याच्याकडे पाहावे. गडबड इतरांची, चेहरा मख्ख यांचा.

त्याच 1984 साली या नटाने एक धाडस केले. सॉमरसेट मॉम यांच्या ‘द रेझर्स एज’ या 1944 च्या कादंबरीवरील चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली, पटकथेच्या लेखनातही भाग घेतला. या कादंबरीचे नाव कठोपनिषदावरून आलेले आहे. पहिल्या महायुद्धाहून परतलेला एक तरुण जीवनाचा अर्थ शोधत निघतो, आणि शोधत शोधत भारतात येतो, अशी ती कथा. चित्रपट पडला. नटाच्या ठायी असलेला तो अलिप्त, किंचित थट्टेखोर भाव साधकाच्या भूमिकेशी जुळत नाही, असा टीकेचा सूर होता. त्यानंतर मरे यांनी चित्रपटसृष्टीतून बरीचशी रजा घेतली आणि काही काळ पॅरिसला जाऊन राहिले.

या अपयशातून 2005 च्या यशाकडे जाणारी वाट पाहण्यासारखी आहे. 1993 च्या ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणारा माणूस त्यांनी रंगवला. चित्रपट विनोदीच, पण हसता हसता प्रेक्षकाला थोडी भीती वाटावी असा. 1998 च्या ‘रश्मोर’मध्ये ते एका श्रीमंत, आतून विझलेल्या कारखानदाराच्या भूमिकेत आले. तेथील एका प्रसंगात हा गृहस्थ स्वतःच्या घरच्या समारंभात पोहण्याच्या तलावात उडी मारतो आणि पाण्याच्या तळाशी अंग आकसून नुसता बसून राहतो. वर चाललेला गोंधळ त्याला तेथे ऐकू येत नाही. 2003 च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’मध्ये व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोला आलेला, उतरणीला लागलेला चित्रपटनट त्यांनी उभा केला, आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यानंतर दोन वर्षांनी आला ‘ब्रोकन फ्लॉवर्स’. जार्मुश यांनी ही भूमिका मरे यांनाच नजरेसमोर ठेवून लिहिली होती. कान येथील महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले.

माझा मुद्दा असा आहे. 1984 मध्ये ज्याला दोष म्हटले गेले, तोच अलिप्तपणा 2005 मध्ये भूमिकेचा प्राण झाला. नटाने आपली तऱ्हा टाकली नाही. त्या तऱ्हेला साजेसा माणूस त्याला मिळाला. विनोदी नट गंभीर भूमिका करतो तेव्हा आपण म्हणतो, पाहा, याने विनोद बाजूला ठेवला आणि खरा अभिनय केला. या कौतुकात विनोदाचा नकळत अपमान आहे. मरे यांनी काही बाजूला ठेवलेले नाही. मख्ख चेहरा, उत्तरापूर्वीचा अर्ध्या क्षणाचा विलंब, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याची सवय, ही सारी हत्यारे विनोदाच्याच कोठारातली आहेत. फरक एवढाच की, पूर्वी त्या विलंबानंतर एक मिस्कील वाक्य येत असे. येथे ते येत नाही. आपण त्या वाक्याची वाट पाहत राहतो, आणि ते न आल्यामुळे त्या माणसाचे रितेपण आपल्या अंगावर येते.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या प्रेयसीच्या घरी जेवण चालले आहे. घर नवे, स्वच्छ, आणि दुकानातल्या नमुन्यासारखे निर्जीव. टेबलाशी ती, तिचा नवरा आणि डॉन. नवरा सौजन्याने बोलतो आहे, ती अवघडली आहे, आणि डॉन ताटातल्या अन्नाकडे पाहतो आहे. विनोदी प्रहसनात हा प्रसंग तसाच्या तसा चालला असता. जुना प्रियकर आणि नवा नवरा एका टेबलाशी, ही तर प्रहसनाची हुकमी जागा. प्रेक्षक हसतातही. पण मरे यांचे डोळे क्षणभर त्या स्त्रीकडे वळतात, आणि ही एके काळी कशी होती याची आठवण त्या नजरेत दिसते. एक शब्द नाही, भुवईसुद्धा फारशी हलत नाही. हसू आलेल्याच ओठांवर ते थिजते.

भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. ओसरलेल्या शृंगाराचे हास्य कसे होते, हे या चित्रपटात पाहावे. हातात गुलाबी फुलांचा गुच्छ घेऊन वीस वर्षांनी दारात उभा राहिलेला प्रौढ पुरुष हास्यास्पदच दिसतो. कबरीपाशी मात्र तीच फुले हास्यास्पद राहत नाहीत. डॉन ती ठेवतो आणि झाडाच्या बुंध्याशी बसतो. तेथे त्या मख्ख चेहऱ्याला पहिल्यांदा तडा जातो.

नाट्यशास्त्राचाच आणखी एक आधार घेतो, कारण त्याने या भूमिकेची अवघड जागा नेमकी कळते. आपल्या शास्त्रकारांनी कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. नायकाला काहीतरी हवे असते, म्हणून कथा चालते. ज्याला काहीच नको आहे असा नायक नाटककाराला आणि नटाला मोठा अडचणीचा. डॉनचा आरंभ शेजाऱ्याच्या आग्रहाने झाला आहे, प्रयत्न शेजाऱ्याच्या नकाशावरून चालला आहे, आणि फलागम तर नाहीच. मग नटाने करायचे काय? साधारण नट येथे खिन्नतेचा अभिनय करील, सुस्कारे टाकील, खिडकीतून दूर पाहील. मरे फक्त हजर राहतात. समोरच्या माणसाला पूर्ण जागा देतात. विन्स्टनचा उत्साह, तिसऱ्या प्रेयसीचा संशय, शर्यतपटूच्या विधवेची माया, हे सारे त्यांच्या स्वस्थपणामुळे उठून दिसते. दुसऱ्याला जागा देणे ही विदूषकाची जुनी विद्या आहे. ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय आठवावा. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा खरा सोबती तो विदूषकच, आणि मित्राचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचते ते पुष्कळसे त्याच्या बडबडीतून.

आता आपल्या इंदूरकडे येऊ. निरुद्योगी, उतारवयातला रसिक म्हटला की येथील कोणाही मराठी माणसाला काकाजी आठवतात. पु. ल. देशपांडे यांचे ‘तुझे आहे तुजपाशी’ हे 1957 चे नाटक इंदुरातच घडते. काकाजींनाही कामधंदा नाही. जुने वैभव सरलेले आहे आणि उद्योग म्हणावा असा काही उरलेला नाही. पण काकाजींना कोणी ध्येयहीन म्हणणार नाही. खाण्यात, गाण्यात, बागेत, घरातल्या पोरांच्या प्रेमप्रकरणांत त्यांचा जीव गुंतलेला आहे. नाटकात त्यांच्यासमोर आचार्य उभे आहेत. आचार्यांनी सगळे सोडलेले आहे, निदान तशी त्यांची समजूत आहे. भोग आणि त्याग यांचा तो सामना आहे, आणि दोघांकडेही आपापली धग आहे. डॉन जॉन्स्टनकडे काकाजींचा रस नाही आणि आचार्यांचा निग्रहही नाही. भोग संपला आहे, त्याग केलेला नाही.

येथे मला या भूमिकेतील सर्वांत मोठी गोष्ट दिसते, आणि ती विशेषतः आपल्यासारख्यांच्या उपयोगाची आहे. आपल्या परंपरेत उतारवयातल्या अलिप्ततेला मान आहे. माणूस शांत झाला, कशात लक्ष घालीत नाही, मागत नाही, रागावत नाही, की आपण म्हणतो, त्याला वैराग्य आले. क्वचित ते खरेही असते. पण वैराग्य आणि औदासीन्य बाहेरून सारखीच दिसतात. दोन्हींत चेहरा स्थिर, दोन्हींत बोलणे थोडे. विरक्त माणसाने आसक्ती ओळखून सोडलेली असते. उदासीन माणसाने ती कधी पुरती हातात धरलेलीच नसते. मरे यांचा चेहरा नेमका या दोहोंच्या सीमेवर आहे. चित्रपटाच्या आरंभी डॉनची शांतता कोणाला समंजसपणाची वाटू शकेल. शेवटी तोच माणूस एका अनोळखी पोराच्या मागे रस्त्यावरून धावतो, धापा टाकतो, चौरस्त्यावर चारी दिशांना पाहतो. इतका वेळ शांत वाटलेला तो मनुष्य शांत नव्हता, हे तेव्हा उघड होते. त्याला काहीतरी हवे आहे, आणि ते हवे असल्याचे त्याला प्रथमच कळले आहे. मुलगा मिळत नाही. पण ‘हवे असणे’ परत मिळते. फलागम म्हणायचा तर एवढाच.

शेवटी मोटारीतून डॉनकडे पाहत जाणारा तो तरुण म्हणजे खुद्द बिल मरे यांचा मुलगा, होमर. पडद्यावर हे कोठेही सांगितलेले नाही. मला ही खूण फार बोलकी वाटते. बापाला मुलगा ओळखू येत नाही, आणि आपल्याही नजरेतून तो निसटतो.

विनोदी नटाला अशी भूमिका मिळणे हा योगायोगाचा भाग असतो, आणि मराठीत तो योग फार थोड्यांच्या वाट्याला आला. जब्बार पटेल यांच्या 1992 च्या ‘एक होता विदूषक’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशातून चित्रपटात आलेल्या सोंगाड्याची भूमिका केली. लेखन पु. लं.चे होते. त्या भूमिकेत हसवणाऱ्या माणसाची आतली पडझड बेर्डे यांनी जी दाखवली, ती ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत. पण प्रेक्षक त्यांच्याकडे पुन्हा हशाच मागत राहिले. डिसेंबर 2004 मध्ये, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, बेर्डे गेले. बिल मरे यांनी डॉनची भूमिका साकारली ती पंचावन्नाच्या उंबरठ्यावर. म्हातारपणाची भूमिका करण्याइतके वयच आमच्या नटाला लाभले नाही. त्या चेहऱ्यावर वय चढल्यावर काय दिसले असते, याचा विचार मनात आला की मला हळहळ वाटते.

आणि म्हणूनच हा विषय शाळेचाही आहे. प्रत्येक वर्गात एक हसवणारा मुलगा असतो, हल्ली मुलीही असतात. नाटकात त्याला नोकर, हवालदार किंवा भटजी यांपैकी काहीतरी मिळते. आमच्या सरांची पद्धत निराळी होती. वर्गाला सर्वांत जास्त हसवणारा मुलगा ते मुद्दाम म्हाताऱ्या वडिलांच्या भूमिकेसाठी निवडीत. तालमीत त्याला अभिनय शिकवीत नसत. एवढेच सांगत, ‘तू फक्त ऐक. बोलायची घाई करू नकोस.’ त्या वेळी आम्हांला ही सरांची लहर वाटे. पण पडदा वर गेला की तो मुलगा स्टूलावर बसून मुलाच्या पत्राची वाट पाहत असे, आणि मागच्या रांगेतली हसायला टपलेली पोरे हळूहळू गप्प होत. हसवणाऱ्याला वेळेची जाण असते, हे सरांना पुस्तकावाचून ठाऊक होते. वाट पाहणे हा वेळेचाच अभिनय आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला वारंवार विचारले जाते, मोठेपणी कोण होणार? प्रश्न चांगला आहे. पण डॉन जॉन्स्टन जे व्हायचे ते झाला होता. पैसा, घर, नाव, सर्व मिळवून तो सोफ्यावर बसला होता. तेव्हा त्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न स्वतःला विचारत जा: माझे कोणावाचून अडते, आणि माझ्यावाचून कोणाचे अडते? विन्स्टनजवळ डॉनच्या पैशाचा अंशही नाही, पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्या घरात पाच मुलांच्या रूपाने बागडते आहे. सभागृहात माझ्या वयाचे बरेच जण बसलेले दिसतात. त्यांना मी उपदेश करणार नाही. एवढीच विनंती करीन की, एखादे गुलाबी पत्र आले तर विन्स्टनची वाट न पाहता स्वतःच निघावे.

सरांच्या स्मृतीला अभिवादन करतो.